हार घातलेला बाप

नाथाजीनं चोवीस वर्षं फौजेत काढली, त्यातली निम्मी पहाऱ्यावर. हवालदार म्हणून बाहेर पडला आणि मिरजेच्या एका दवाखान्याच्या फाटकावर उभा राहिला, त्यालाही आता सात वर्षं झाली होती. रुग्णाला भेटायला भावाच्या पासवर मेहुणा, बायकोच्या पासवर शेजारीण, असलं काहीही त्याच्या नजरेतून सुटत नसे. घरात भाजीवाल्याचा तराजू, पोस्टमनची सही, जावयाचं हसणं, सगळंच तो तपासून घेई. त्याची बायको मनुबाई म्हणायची, "उद्या देव दारात आला तरी ह्ये वळखपत्र मागतील."

त्याची धाकटी लेक उत्कर्षा त्याच दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला होती. गेल्या साली तिचं ठरलेलं लग्न मोडलं. तीन महिने ती कामावरून यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मग एकाएकी मोबाइलवर ती जयराज सरांना ऐकायला लागली. हे सर 'जगण्याचा आराखडा' शिकवायचे. आयुष्य आपोआप घडत नाही, घरासारखं आधी कागदावर आखावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. उत्कर्षा पहाटे पाचला उठू लागली, सरकारी परीक्षेचा अभ्यास करू लागली, जेवताना बोलू लागली. मनुबाईनं देवाला नारळ फोडला. नाथाजीचा संशय मात्र वाढला.

"फुकट ग्यान वाटतोय म्हंजी मागनं कायतरी इकत असनार," तो म्हणाला.

सांगलीत सरांचं दोन दिवसांचं शिबिर लागलं, तेव्हा उत्कर्षानं बापाचंही नाव घातलं. "आबा, एकदा ऐका तरी. मग बोला."

नाथाजी गेला, पण शिकायला नव्हे, पाळत ठेवायला.

मंगल कार्यालय खचाखच भरलेलं. प्रत्येकाला एक वही मिळाली. दहा वर्षांनंतरचा तुमचा एक दिवस लिहा, असं सांगण्यात आलं. लोक मान खाली घालून लिहायला लागले. नाथाजीनं लिहिलं, 'जिता असलो तर बघू,' आणि वही मिटली.

जयराज सर चाळिशीच्या आतले, पांढरा शर्ट, प्रत्येकाला वाटावं माझ्याशीच बोलतोय असा आवाज. नाथाजी त्यांचे शब्द ऐकतच नव्हता, हात बघत होता. रडवायचं वाक्य यायच्या आधी हा माणूस माईक डाव्या हातात घेतो, हे त्यानं पहिल्या तासातच टिपलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माईक पुन्हा डाव्या हातात गेला. मागच्या पडद्यावर एका म्हाताऱ्याचा फोटो उमटला. फोटोला हार होता.

"हे माझे वडील," सर म्हणाले. "मी तेवीस वर्षांचा होतो. मिरजेच्या दवाखान्यात माझ्या मांडीवर त्यांनी प्राण सोडला. त्या दिवशी मी माझं आयुष्य नव्यानं आखायला घेतलं."

सभागृहात हुंदके फुटले. उत्कर्षानं ओढणी डोळ्याला लावली. नाथाजी मात्र खुर्चीतून अर्धा उठला. फोटोतल्या म्हाताऱ्याच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली होती. तो कान त्याच्या ओळखीचा होता. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोणंदहून रेल्वेनं एकटा येणारा ज्ञानूतात्या! हृदयाची तपासणी होईस्तोवर फाटकाजवळच्या बाकावर बसायचा, नाथाजीनं दिलेला चहा फुंकून प्यायचा. "ल्योक लय मोठा हाय माजा," एवढंच सांगायचा, "त्येला टायम न्हाई."

पण नाथाजी स्वतःच्या डोळ्यांवरही चटकन विश्वास ठेवणारा नव्हता. फाटक्या कानाची माणसं काय एकच असतात? चहाच्या सुट्टीत त्यानं सरांना गाठलं.

"सर, गाव कोनतं तुमचं?"

"खंडाळा तालुका. का हो काका?"

"लोनंदजवळ?"

सरांचा कप ओठांपाशी थांबला. "आपण नंतर बोलू," ते म्हणाले आणि दुसऱ्या घोळक्यात मिसळले. ते काही नंतर बोलले नाहीत.

परतताना एस.टी.त नाथाजीनं लेकीला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "आबा, तुमाला सगळ्यांचाच संशय येतो. मी बरी झाले, ह्याचा पन येतोय का?"

नाथाजीनं खिशातलं तिकीट काढलं आणि त्यावरची तारीख तपासत बसला.

पहिला सोमवार आला. ज्ञानूतात्या बाकावर टेकल्यावर नाथाजीनं आडपडदा न ठेवता विचारलं, "तात्या, लेकाचं नाव जयराज काय?"

म्हातारा दचकला नाही. "व्हय. तुमी बी बगितला म्हना ईडिओ."

"तुमाला ठावं हाय?"

"शेजारच्या पोरीनं दावला. हार बी चांगला घातलाय, झेंडूचा." तात्यानं चहावर फुंकर मारली. "पयल्यांदा वाईट वाटलं, हवालदार. मंग म्हनलं, जितेपनी त्येच्या कामाला आलो न्हाई, आसं तरी येतोय."

नाथाजीच्या मस्तकात तिडीक गेली. पण तात्याच्या चेहऱ्यावर खोटं शोधायची त्याची सवयच इथं लंगडी पडली. तो माणूस खरंच रागावलेला नव्हता.

त्या दिवशी तात्याचं रक्त उत्कर्षानंच घेतलं. तिनं कान बघितला, कागदावरचं आडनाव बघितलं. नळीवर ते आडनाव तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं. संध्याकाळी तिनं जयराज सरांना निरोप धाडला. शिव्या नाहीत, जाब नाही. तात्यांची पुढची तारीख आणि त्याखाली एक ओळ: 'ते एकटे येतात.' तासाभरात सरांच्या मोबाइलवरच्या ग्रुपमधून तिचं नाव काढलं गेलं. ती रडेल म्हणून मनुबाई तिच्या आजूबाजूला घुटमळत राहिली. पण दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तिच्या खोलीत दिवा लागलेला होता.

पुढच्या महिन्यात रिक्षातून आधी तात्या उतरला आणि त्याचा दंड धरून जयराज. नाथाजीनं आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकली. कुणी मोबाइल धरून चित्रण करत आहे का? झाडामागे, चहाच्या गाड्यामागे? कुणी नव्हतं. तरी त्यानं रीत सोडली नाही. पासचा कागद पुढे सरकवला.

"रुग्नाशी नातं लिवा."

जयराजनं पेन उचललं आणि तो थांबला. पेन उजव्याच हातात होतं. मग त्यानं लिहिलं, 'मुलगा.' नजर वर न करता तो हळूच म्हणाला, "काका, ते तेव्हा खरंच जाता जाता राहिले होते."

"आसंल," नाथाजी म्हणाला आणि फाटक उघडलं.

त्याच्या पुढच्या महिन्यातही लेक आला. तिसऱ्या महिन्यात तात्या पुन्हा एकटाच आला. "मीटिंग हाय त्येची," म्हणाला. त्याच आठवड्यात उत्कर्षानं बापाला मोबाइलवर सरांचं नवं भाषण दाखवलं. फोटोवरचा हार गेला होता. 'माझ्या वडिलांना मी मृत्यूच्या दारातून परत आणलं,' सर सांगत होते, आणि समोर लोक तितकेच रडत होते.

"आता काय म्हनायचं, आबा?"

नाथाजीनं भाषण थांबवलं, मागे नेलं, पुन्हा बघितलं. माईक डाव्या हातात होता. पण मधेच एके ठिकाणी सरांचा आवाज अडकला, आणि तो त्या हाताशी जुळत नव्हता. ते नाटक की खरं, हे त्याला कळेना. चोवीस वर्षं फौज आणि सात वर्षं फाटक, पण असं कधी झालं नव्हतं.

"तू परीक्षेचं बघ," तो शेवटी म्हणाला.

पुढच्या पहिल्या सोमवारी त्यानं ज्ञानूतात्याला चहा दिला आणि सांगितलं, "तात्या, तुमाला जितं केलंय बरं का लेकानं."

म्हातारा इतका हसला, की कपातला निम्मा चहा धोतरावर सांडला. "मंग आता येनं भाग हाय त्येला," तो म्हणाला, आणि स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत बसला.