मिटवलेला तंटा

दुपारची मोजणी झाली की तुरुंगातल्या महिला बराकीला कुलूप लागतं आणि दोन-तीन तास कुणाला काही काम नसतं. वैजयंता सतरंजीवर कुशीला वळते. पंख्याची घरघर लांब जात जात एसटीच्या इंजिनाची होते, आणि उशाशी आबा उभे असतात. कडक इस्त्रीची टोपी, खांद्याला पिशवी. आबांना, तिच्या वडिलांना, जाऊन नऊ महिने झालेत. मातीलाही तिला सोडलं नव्हतं. रजेचा हुकूम आला तो तेरावं उरकल्यावर.

"ऊठ वैजू," ते म्हणतात. "गाडी चुकंल."

ती उठते. दाराला कुलूप नाहीच. बाहेर तालुक्याचा स्टँड आहे, आणि याच फलाटावर आबांनी तिला तीनदा आणलं होतं. एकदा दात पडला तेव्हा. एकदा पाठ भाजली तेव्हा. तिसऱ्यांदा लाथ बसून चौथ्या महिन्यात पोट पडलं, त्यानंतर सतराव्या दिवशी. दर वेळी ते जावयाच्या हातात तिची पिशवी देत आणि नीट नांदा म्हणून सांगत. आबा गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते. गावाला बक्षीस मिळालं त्या फोटोत तेच मधोमध आहेत.

ती एसटीत पाय ठेवते तर आत तिचं स्वयंपाकघर. भानुदास, तिचा नवरा, पाट्याशेजारी पालथा पडलाय. डोक्याखालची फरशी ओली. त्या दिवशी त्यानं सहा वर्षांच्या लेकीचा गळा आवळला होता, आणि वैजयंतानं हाताला लागला तो वरवंटा घातला होता.

आबा उंबऱ्याच्या आत येत नाहीत. एवढं होत होतं तर सांगायचं होतंस, असं तिथूनच म्हणतात.

तिच्या मस्तकात तिडीक जाते.

"पोलिसांत गेले होते मी. त्यांनी तुम्हाला बोलावलं. तंटा आपसात मिटला म्हणून तुम्ही कागद केलात, माझी सही घेतलीत. तोच कागद कोर्टात वाचला, आबा. हिला त्रास होता कुठं, सरकारी वकील म्हणाले, बापच लिहून देतोय."

चुलीच्या जागी आता न्यायाधीशांचं टेबल आहे. बाकांवर सगळी आळी बसलीय. मार सुरू झाला की टीव्हीचा आवाज वाढवणाऱ्या शेजारच्या काकू. 'घसरून पडली' असं लिहून घेणारी दवाखान्यातली नर्स. सगळ्यांच्या हातात मेणबत्त्या आहेत, श्रद्धांजलीच्या पाटीवर वैजयंताचा फोटो, जणू तीच मेलीय. ती एकेकीपुढे जाऊन मेणबत्ती फुंकत सुटते.

"मी तुझा संसार वाचवत होतो," आबा मागून म्हणतात.

"संसार नव्हता तो. तुम्ही बक्षीस वाचवत होता."

"चल, सोडून येतो," म्हणत ते हात पुढे करतात. स्वयंपाकघराचा उंबरा पुन्हा समोर आलाय, आत भानुदास तसाच पडलाय. वैजयंता त्यांचाच दंड पकडते, सगळा जीव लावून.

"या वेळी तुम्ही जा. आत जा आणि बसा त्याच्याजवळ."

ती त्यांना आत ढकलते.

बाहेर कुलूप वाजतं. शेजारच्या सतरंजीवरची अनुसया दंड धरून बसलीय. साठी उलटलेली, तीही नवऱ्याच्याच खुनात आलेली. तिच्या दंडात वैजयंताची नखं रुतल्याच्या खुणा आहेत, दोन ठिकाणी रक्त आलंय. वैजयंता ओशाळून पदरानं पुसू लागते, मला उठवायचं नाही का, विचारते.

"उठवणार होते," अनुसया म्हणते. "पण म्हटलं, बोलून होऊ दे तुझं."