मिठाच्या गोळ्या

"रोज कुठल्या गोळ्या घेता?" किडनीच्या डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. कधीतरी डोकं दुखलं तर."

"ये झूठ बोलता है, डॉक्टर," शेजारून बायको म्हणाली. "घर में बिस्किट का डब्बा है. अंदर पूरा मेडिकल स्टोर."

केरळचे ते डॉक्टर हसले नाहीत. माझा रिपोर्ट फिरवून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. क्रिएटिनिन वाढलं होतं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा, मूत्रपिंडं नीट चालत असली की तो लघवीवाटे जातो. माझ्या आजाराला त्यांनी अॅनॅल्जेसिक नेफ्रोपॅथी म्हटलं, म्हणजे दुखणं मारणाऱ्या गोळ्यांनी मूत्रपिंडांना झालेली इजा. वर्षानुवर्षं मी गुडघ्यांसाठी त्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या होत्या.

घाबरलो. पण स्वतःसाठी नाही. हाच प्रश्न मला मस्कतमध्येच, दुसऱ्या एका इस्पितळात, पूर्वी एकदा विचारला गेला होता. तेव्हाही मी "काही नाही" म्हणालो होतो, आणि मला खोटं पाडायला शेजारी कोणी नव्हतं.

आखातात राहिलेल्यांना तो डबा माहीत असतो. सुट्टीवर गावी गेलं की परतताना पापडलोणच्यांबरोबर गोळ्यांची पाकिटं भरायची. इथला डॉक्टर महाग, आपली गोळी ओळखीची. मग शेजाऱ्याला दे, रूममेटला दे. कोणाला काय होतंय हे विचारायचीही गरज वाटत नाही. मी तर वसईहून येताना अर्धी बॅग त्याचीच आणायचो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी समुद्राकाठच्या एका हॉटेलच्या क्लबात सुपरवायझर होतो. तिथे हिवाळ्यात गोन्सालो यायचा. व्यावसायिक टेनिसपटू, स्पेनचा. सकाळी पाहुण्यांना शिकवायचा, बदल्यात खोली आणि जेवण. उरलेला दिवस स्वतःचा सराव. माझं आडनाव गोन्साल्विस आहे हे कळल्यावर ओरडला, "प्रीमो!" प्रीमो म्हणजे भाऊ, चुलत नाहीतर मामे. तेव्हापासून मी त्याचा प्रीमो.

संत्र्यांच्या बागांच्या गावात, लाल मातीच्या कोर्टवर तो वाढला होता. टीव्हीवर दिसणाऱ्यांतला नव्हता. रात्रीची बस पकडून छोट्या स्पर्धांना जायचा, रॅकेटच्या तारा स्वतः ओढायचा, हरला की विमानतळावर झोपायचा. वर्षानुवर्षं असं खेळून त्याचं रँकिंग इंच इंच वर आलं होतं. त्या वर्षी पॅरिसच्या मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत पहिल्यांदाच त्याला जागा मिळणार होती. "एकदाच, प्रीमो. मग खुशाल संत्री विकीन," म्हणायचा.

त्या वर्षी तो उन्हाळा लागेपर्यंत थांबला होता, एप्रिल संपत आला होता. तो निघायच्या थोडं आधी आमच्या अर्बाबनं, म्हणजे हॉटेलच्या मालकानं, पाहुण्यांसाठी प्रदर्शनी सामना ठरवला. भर उन्हात. त्या सकाळी गोन्सालोला ताप होता, अंग ठणकत होतं. "आज नाही, प्रीमो."

गोन्सालो खेळेल असा मॅनेजरला मी शब्द दिला होता. बायकोच्या फॅमिली व्हिसाचा कागद त्याच्या सहीसाठी अडला होता. मी डबा उघडला. पण गोन्सालो डोपिंगच्या भीतीनं साधी खोकल्याची गोळीही घ्यायचा नाही. मग मी दुखण्याच्या गोळ्या पाकिटातून सोडवून हातावर ठेवल्या आणि म्हणालो, "मिठाच्या आहेत. इथे साइटवरचे कामगार उन्हात घेतात." कामगार मिठाच्या गोळ्या घेतात हे खरं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही, सरळ गिळल्या. सामन्याच्या मध्ये परत दिल्या.

ताप उतरला, दुखणं दबलं, आणि तो जीव खाऊन खेळला. अर्बाब खूश. संध्याकाळी गोन्सालो ड्रेसिंग रूममध्ये कोसळला. त्याआधी झालेली लघवी सुलेमानीच्या रंगाची होती, दूध न घातलेल्या काळ्या चहासारखी.

इस्पितळात शब्द ऐकला, रॅब्डोमायोलिसिस. स्नायू फुटून त्यांच्यातला माल रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडं तुंबतात. डायलिसिस सुरू झालं, म्हणजे मूत्रपिंडांचं काम मशीन करणार. बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर रुस्ताक गावचं एक कुटुंब बसलेलं असायचं. त्यांच्यातले म्हातारेबुवा मला रोज थर्मासमधला काहवा, म्हणजे अरबी कॉफी, द्यायचे. "तुझा भाऊ?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

ओमानी डॉक्टर तरुण होता, मला सदीक म्हणजे मित्र म्हणायचा. "सदीक, त्यानं कुठलं औषध घेतलं होतं? दुखण्याचं काही?"

"काही नाही. मिठाच्या गोळ्या."

शुद्धीवर आल्यावर गोन्सालोनंही तेच सांगितलं. त्याला तेवढंच माहीत होतं. मी बोललो असतो तर पोलीस, हॉटेल, व्हिसा, सगळंच आलं असतं. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत राहिलो.

मूत्रपिंडं परत चालू झाली. पण डॉक्टर कोड्यात पडला होता. एका सामन्यानं कसलेल्या खेळाडूचं एवढं कसं होईल? स्नायूंमध्ये जन्मजात दोष असावा, असं त्याला वाटलं. मांसाचा तुकडा काढून तपासला. नक्की काही निघालं नाही, नाकारताही आलं नाही. पुढे स्पेनमधल्या डॉक्टरांनीही तेच म्हटलं: कष्टाचा खेळ बंद.

"खलास, प्रीमो," विमानतळावर तो म्हणाला. हा शब्द त्याला मीच शिकवला होता. माझी बायको आली ती त्याच व्हिसावर.

दर नाताळला त्याचा फोन यायचा. लग्न झालं, मुलगी झाली, मार्ता. एका वर्षी म्हणाला, "तिला शाळेत खेळू देत नाही. दोष रक्तातून येऊ शकतो म्हणतात." मी म्हणालो, "देव सांभाळील." तेव्हाही गोळ्यांचं सांगितलं नाही.

म्हणून त्या दिवशी केरळच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. बायकोसमोरच. त्यांनी पेन खाली ठेवलं. "ताप, ऊन, डिहायड्रेशन आणि वर या गोळ्या. एवढ्यानं धडधाकट माणूसही पडू शकतो. खात्री मी देणार नाही. पण त्याच्या डॉक्टरला हे कळायलाच हवं होतं."

घरी आल्यावर बायकोनं फोन माझ्यासमोर ठेवला. "नाताळची वाट बघू नका."

मी गोन्सालोला गोळीचं नाव सांगितलं, किती वेळा दिली ते सांगितलं, का दिली तेही. तो शिव्या देईल असं वाटलं होतं. त्यानं गोळीचं स्पेलिंग विचारलं, लिहून घेतलं, परत वाचून दाखवलं. मग म्हणाला, "म्हणजे माझं शरीर खराब नव्हतं?"

"नसावं. डॉक्टरांना विचार."

"इतकी वर्षं मी माझ्या शरीराला शिव्या घातल्या, प्रीमो." आणि थोड्या वेळानं, "आता फोन करू नकोस."

मी करत नाही. त्याचाही येत नाही. पण त्या दिवशी त्यानं फोन नीट ठेवला नव्हता. लाइन कट होण्याआधी मला खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा, आणि बाहेर अंगणात असल्यासारखी त्याची मोठ्यानं मारलेली हाक: "मार्ता! मार्ता!"

माझं क्रिएटिनिन आता वाढत नाही, गुडघे दुखतात. तपासणीला जाताना तो डबा मी बरोबर नेतो. डॉक्टरांनी विचारायच्या आधी टेबलावर उघडून ठेवतो.