झांजिबारची नोकरी आणि हैदराबादचा कागद

माझ्या नवऱ्याला जाऊन चौदा वर्षं झाली होती, तेव्हा मी झांजिबारच्या नोकरीसाठी अर्ज केला. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधीची ही गोष्ट. जुन्या जालन्यातल्या मुलींच्या शाळेत मी तिसरी-चौथीला शिकवत होते आणि एका विधवा मावशीच्या घरी खोली घेऊन राहत होते. वय अठ्ठावीस.

आमच्या मोठ्या बाईंकडे पुण्याचं एक वर्तमानपत्र टपालाने यायचं. त्यात एकदा जाहिरात आली. आफ्रिकेजवळच्या झांजिबार बेटावर मराठी मंडळींनी मुलींची लहानशी शाळा काढली आहे, तिला ट्रेनिंग झालेली शिक्षिका पाहिजे. विधवा किंवा प्रौढ कुमारिका असावी. करार तीन वर्षांचा, राहण्याची सोय शाळेकडून. अंक बाईंचा, म्हणून मी जाहिरात हाताने उतरून घेतली. चार दिवस तो कागद पुस्तकात ठेवला आणि पाचव्या दिवशी बाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, जा. शिफारसपत्रही त्यांनीच लिहिलं.

दोन महिन्यांनी शाळेचे एक चिटणीस मुंबईला आले होते. त्यांनी मुलाखतीला बोलावलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, मंठ्याहून येऊन माझ्याबरोबर मुंबईला आले. ते स्वतः मंठ्याच्या शाळेत मास्तर होते. चिटणिसांनी मला गणित विचारलं, शिवण विचारलं, एक कविता म्हणायला लावली आणि समुद्राची भीती वाटते का, असं विचारलं. मी समुद्र त्याच दिवशी सकाळी पहिल्यांदा पाहिला होता. भीती वाटते, मी म्हणाले. ते हसले आणि नेमणुकीचं पत्र महिन्याभरात आलं.

पत्राबरोबर लागणाऱ्या कागदांची यादी होती. ट्रेनिंगच्या दाखल्याची नक्कल, डॉक्टरांचं पत्र, देवीची लस टोचल्याचा दाखला, फोटो आणि पासपोर्ट. बेटावर उतरण्याचा परवाना तिकडून शाळा काढणार होती, पण पासपोर्टशिवाय तो मिळणार नव्हता. आम्ही निजामाची रयत. त्यामुळे अर्ज तहसिलीत द्यायचा, तिथून तो औरंगाबादला अव्वल तालुकदारांकडे, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरांकडे, तिथून हैदराबादला आणि शेवटी इंग्रज रेसिडेंटच्या कचेरीत जायचा. सगळा कारभार उर्दूत. अर्जनवीस तहसिलीच्या ओट्यावर बसून मला एकेक विचारत होता आणि उजवीकडून डावीकडे लिहीत होता. नाव, बापाचं नाव, जन्माचं गाव. मग नवऱ्याचं नाव. मी नाव घेतलं आणि सांगितलं, हैदराबादला प्लेगात वारले, तिथल्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. त्याने तेही लिहिलं.

फोटो काढताना मात्र पंचाईत झाली. जन्मात फोटो काढलेला नव्हता. फोटोवाला म्हणाला, पदर मागं घ्या, कान दिसले पाहिजेत, कपाळ दिसलं पाहिजे. परक्या माणसासमोर उघडं, कोरं कपाळ घेऊन मी बसले, आणि त्याने काळ्या कापडाखालून बघायला किती वेळ लावला याचाच विचार करत राहिले.

अर्ज दिल्यावर दीड महिना काही हाललं नाही. एक दिवस तहसिलीचा शिपाई शाळेत आला आणि पेशकार साहेबांनी बोलावलंय म्हणाला. पेशकार म्हणजे तहसीलदारांना कागद वाचून दाखवणारे कारकून. पांढऱ्या दाढीचे, अदबीने बोलणारे गृहस्थ होते. त्यांची नात आमच्याच शाळेत होती. मी गेले तेव्हा त्यांनी शिपायाला खुर्ची आणायला सांगितली. तहसिलीत बाईमाणसाला खुर्ची देत नसत. मला वाटलं, पासपोर्ट आला.

"बाई, आधी बसा तुम्ही," ते म्हणाले. मग एक उर्दू कागद समोर धरला. माझ्या नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला अर्जाला जोडलेला नव्हता, म्हणून तहसिलीने हैदराबादच्या त्या कचेरीला लिहिलं होतं, असं त्यांनी सांगितलं. त्याचं उत्तर आलं होतं. ते त्यांनी वाचून दाखवलं. नाव बराबर होतं, बापाचं नाव, गाव, सगळं बराबर. शेवटी दोन शब्द आले, बकैद-ए-हयात. मला उर्दू कामापुरतंच कळायचं. मी विचारलं, म्हणजे कशाने वारले?

त्यांनी कागद खाली ठेवला. "बाई, मतलब ते जिंदा आहेत. नोकरीवर आहेत. बायको-दोन मुलं घेऊन तिथंच राहून राह्यले."

मला आठवतं ते एवढंच की मी त्यांच्या दौतीकडे बघत होते आणि दौतीच्या झाकणावर माशी बसली होती. रडू आलं नाही. मी म्हणाले, दुसरा कोणी त्याच नावाचा असेल. ते म्हणाले, असू शकतं, पण नोकरीच्या जुन्या नोंदीत त्या माणसाने स्वतः लिहून दिलंय की पहिली बायको मंठ्याच्या मास्तरांची मुलगी आहे. हा अर्ज तसाच पुढे गेला तर खोटं लिहून दिल्याचा आळ तुमच्यावर येईल, तेव्हा तो मागे घ्या आणि घरच्यांना विचारून दुसरा करा. जाताना हलक्या आवाजात म्हणाले, "इथं हे फक्त मला माहीत हाय. मी कुणाला बोलणार न्हाई."

मी खोलीवर गेलेच नाही. तशीच मोटारीच्या अड्ड्यावर गेले आणि मंठ्याच्या गाडीत बसले. वाटूरच्या फाट्यावर गाडी चांगली तासभर थांबली. एकेक आठवत होतं. माझं लग्न अकराव्या वर्षी झालं. नवऱ्याला आई-बाप नव्हते, चुलत्याने वाढवलेला; लग्नानंतर तो हैदराबादला नोकरीला लागला आणि पुढं चुलताही वारला. मी चौदा वर्षांची असताना अण्णा एकदा हैदराबादला गेले. आठ दिवसांनी परत आले ते घरात न येता अंगणातच उभे राहिले, अंगावर पाणी मागून घेतलं आणि आईला म्हणाले, "पोरीचं नशीब गेलं." दुसऱ्या दिवशी शेजारच्या बायकांनी माझ्या बांगड्या फोडल्या. अण्णांनी केस मात्र काढू दिले नाहीत. वर्षाच्या आत मला पुण्याला एका संस्थेत ठेवलं. तिथं विधवा मुलींना मोफत शिकवत. सगळा गाव त्यांना सुधारक म्हणायचा. मलाही त्यांचा फार अभिमान होता.

घरी पोहोचले तेव्हा अण्णा ओसरीवर मुलांच्या वह्या तपासत होते आणि आई ज्वारी पाखडत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं की तहसिलीत कागद आलाय आणि त्यात ते हयात आहेत असं लिहिलंय. मला वाटत होतं अण्णा दचकतील, म्हणतील, हे कसं शक्य आहे. अण्णांनी हातातली वही मिटली.

"कधी तरी येणारच होता तो कागद," ते म्हणाले.

आईच्या हातातलं सूप थांबलं. अण्णांनी तिच्याकडे न बघता सगळं सांगितलं. त्या वर्षी नवऱ्याचं पत्र आलं होतं. मी इथं दुसरं घर केलं आहे, मुलीला पाठवू नका, मी मेलो असं समजा, असं त्यात होतं. अण्णा त्याला समजावायला गेले. त्याने दारातूनच परत पाठवलं. आत एक बाई होती आणि तिला दिवस गेले होते. परतीच्या गाडीत अण्णांनी विचार केला. टाकलेली मुलगी म्हणून मी जन्मभर घरात बसले असते, आणि उद्या त्याचं मन फिरलं असतं तर त्याने मला केव्हाही ओढून नेलं असतं. पुण्याच्या संस्थेत नवरा जिवंत असलेल्या मुलीला घेत नव्हते. विधवेला घेत होते.

"त्यानंच लिहिलं होतं मेलो म्हणून," अण्णा म्हणाले. "मी ते खरं धरलं."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण माझ्याआधी आई बोलली. तिला यातलं काहीही माहीत नव्हतं, हे मला तिचा चेहरा बघून कळलं. "दरसाल त्या तिथीला मी ब्राह्मण जेवू घालून राह्यले," ती अगदी सावकाश म्हणाली, "आन् तुम्ही त्या पंगतीत तूप वाढत होता." ती उठून आत गेली. ज्वारी तिथंच पडून राहिली.

मला राग येत होता आणि तो कुठं ठेवावा ते कळत नव्हतं. बांगड्या गेल्या होत्या, चौदा वर्षं मी कुणाच्या लग्नात पुढं गेले नव्हते, मैत्रिणींच्या डोहाळजेवणात मागच्या दाराशी उभी राहिले होते. पण माझं लिहिणं-वाचणं, माझी शाळा, माझी खोली, हातातलं ते नेमणुकीचं पत्र, सगळं त्याच खोटेपणातून आलं होतं. समोर बसलेला माणूस एकाएकी म्हातारा दिसत होता.

नव्या अर्जासाठी विवाहित बाईला नवऱ्याची लेखी संमती लागत होती. पेशकार साहेबांनी तिचा मसुदा करून दिला. अण्णा म्हणाले, मी एकटा जाऊन सही आणतो. मी म्हणाले, या वेळी मी येते. परतूर स्टेशनवरून आम्ही गाडी धरली आणि हैदराबादला पोहोचेपर्यंत दोघांत चार वाक्यं झाली असतील.

कचेरीत शिपायाने त्यांना बाहेर बोलावून आणलं. लग्नात पाहिलेला सडपातळ मुलगा मला आठवत होता. समोर टक्कल पडलेले, चष्मा लावलेले गृहस्थ आले. अण्णांना त्यांनी ओळखलं आणि ते खांबाला टेकले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं ते कपाळाकडे, मग मोकळ्या हातांकडे. मी कोण हे त्यांच्या लक्षात आलं असावं, पण ते ध्यान बघून त्यांना वाटलं, घरात सुतक आहे. त्यांनी अण्णांनाच विचारलं, "घरात कोण गेलं?"

मी म्हणाले, "तुम्ही."

ते समजायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी चष्मा काढला आणि तो कशाला काढला हेच विसरल्यासारखे हातात धरून उभे राहिले. किती वर्षं, एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मसुदा पुरता वाचलाही नाही. व्हरांड्यातल्या बाकावर कागद ठेवून सही केली. दोन साक्षीदार लागत होते, म्हणून त्यांनी आपल्याच खोलीतले दोन कारकून बोलावले. कागदात काय आहे ते वाचून ते दोघे एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिले. रोज शेजारी बसणाऱ्या माणसाला आणखी एक बायको आहे, हे त्यांना तेव्हाच कळत होतं. मग त्यांनीही सह्या केल्या. निघताना नवऱ्याने माझी माफी मागितली नाही, आणि मला त्याची अपेक्षाही राहिली नव्हती. ते फक्त म्हणाले, "एवढ्या लांब एकट्या जाणार?" मी हो म्हणाले.

झांजिबारला मी सगळं खरं लिहून कळवलं. जाहिरातीत विधवा किंवा कुमारिका म्हटलं होतं आणि मी आता दोन्हींपैकी काहीच नव्हते. उत्तर यायला दोन महिने लागले. तोवर जागा गेली, असंच मी धरून चालले होते. चिटणिसांनी लिहिलं की मंडळाची हरकत नाही, पावसाळा संपल्यावरच्या बोटीने या. पासपोर्ट त्यानंतर तीन आठवड्यांनी आला. तो हातात देताना पेशकार साहेब म्हणाले, "जाव बाई, खैरियतने जाव."

निघायच्या आदल्या दिवशी आईने कुंकवाचा करंडा माझ्यासमोर ठेवला. लाव, म्हणाली नाही. नको, असंही म्हणाली नाही. मी तो तिच्याकडे परत सरकवला. अण्णांशी ती त्या दिवाळीपर्यंत बोलली नाही, मग घरातल्या कामापुरतं बोलू लागली, असं पुढं माझ्या धाकट्या भावाच्या पत्रातून कळलं. अण्णा मला दरमहा पत्र पाठवायचे. त्यात पाऊसपाणी असायचं, शाळेतली मुलं असायची. त्या गोष्टीबद्दल त्यांनी कधी लिहिलं नाही आणि मीही विचारलं नाही.

झांजिबारला पोहोचून पंधरा दिवस झाले असतील. चिटणिसांच्या पत्नीने हळदीकुंकवाला बोलावणं पाठवलं. माझं पत्र त्यांनी वाचलेलं होतं. मी गेले आणि सवयीने दाराजवळ बसले. त्यांनी उठून मला हाताला धरून बाकीच्या बायकांत नेलं. कुंकवाचं बोट माझ्या कपाळाजवळ आलं तशी मी मान मागं घेतली. अंगावर पाल पडावी तशी. त्या थांबल्या. सगळ्या बायका बघत होत्या.

"नको असेल तर नुसतं अत्तर लावते," त्या म्हणाल्या.

मला हो म्हणायचं होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. मी हात पुढं केला. त्यांनी मनगटावर अत्तर लावलं आणि शेजारच्या बाईकडे वळल्या.