डावी टाच

"तोंड मीट गो बाय. तू बोलतेस नि खांदा दगड व्हतो."

मला गप्प बसवणारी पेणमध्ये एकच बाई होती, आमची मालिशवाली. बाजारात मी उडीद डाळीचा भाव करायला उभी राहिले की दुकानदार आधी पाणी मागवतो, मग देवाचं नाव घेतो. हिच्यासमोर मात्र मी सतरंजीवर पालथी, पाठ उघडी. ती तळहात एकमेकांवर घासायची, त्यांत एक फुंकर मारायची आणि मानेला हात घालण्याआधी हे वाक्य ऐकवायची. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. माझ्या हातून तिचं नाव चार लोकांत व्हावं, इतकं काही तिने माझं भलं केलेलं नाही.

शिमगा झाला की ती निडीहून सकाळच्या गाडीने यायची. हल्ली वसंतात मेणबत्त्या लावून, मंद गाणी लावून मालिश घेतात म्हणे. आमच्याकडे पडवीत जुनी सतरंजी आणि उन्हात ठेवलेली तेलाची वाटी. करंजाच्या तेलात निर्गुडीचा पाला उकळून ती आणायची. वास असा की मांजरसुद्धा उठून जायचं. पण आमचा धंदा पापडाचा. होळीनंतर पीठ कुटायला घ्यायचं ते पावसाच्या तोंडापर्यंत. त्याआधी अंग मोकळं झालं नाही, तर लाटण्यासोबत हाडंही वाजतात. अक्षय्य तृतीयेपर्यंत दर आठवड्याला ती यायची. शेवटच्या वर्षी माझ्या उजव्या हातावर ती जास्त वेळ घालवायची. का, ते तिला ठाऊक आणि मला.

तिची एक रीत तुमच्यापैकी कोणी पाहिली असेल. शेवटच्या दिवशी ती सगळं अंग चोळायची, पण डाव्या टाचेला तेल लावायची नाही.

"सगळा पुरा केला तर यायचं कशाला? टाच ठेवली हाय. फुडल्या शिमग्याला."

आमच्या आळीत बायकांच्या भेगाळलेल्या डाव्या टाचा बघून कळायचं, ही कोणाकोणाकडे जाते. मी पहिल्या वर्षी घासाघीस करून पाहिली. "टाच ठेवतेस, तर पाठ दोनदा चोळ."

"नाय," ती म्हणाली. बाजारात मी इतकं आखूड उत्तर कोणाकडून घेतलं नसतं.

माझ्यानंतर ती जायची माझ्या धाकट्या जावेकडे, दोन गल्ल्या पलीकडे. जाऊ आणि मी एका चुलीवर धंदा सुरू केला. मग भांडलो, चूल वेगळी झाली. एवढंच सांगते, चूक तिची होती. तिच्याकडचं मालिशवालीला विचारलं की माझ्या पाठीत अंगठा रुतायचा.

"अंगाची गोष्ट अंगापाशी. तोंड मीट."

मग एका वर्षी रोह्याचा एक ठोक माल घेणारा व्यापारी पापड शोधत होता. कोलाडच्या हायवेवरची हॉटेलंही त्याच्याच हातात. आम्हा दोघी जावांकडे त्याचा निरोप आला. आता असला माणूस दोघींना एकमेकींवर घालून भाव पाडतो, हे मला शिकवायला नको. जावेच्या अंगात तेवढी ताकद असेल तर नाद सोडायचा, नसेल तर झडप घालायची, असं मी ठरवलं. म्हणून मालिशवालीला सरळ विचारलं, "यंदा तिला हंगाम झेपेल का गो?"

उत्तर नाही. अंगठासुद्धा नाही. लपवण्यासारखं असतं तर अंगठा रुतला असता; मी समजले, जाऊ ठणठणीत आहे. रोहा सोडलं आणि पेणची गिऱ्हाइकं सांभाळत बसले.

चैत्र संपता संपता कळलं. शिमग्यापासून जावेचा खांदा आखडला होता, हात कानाच्या वर जात नव्हता. बायका लावून तिने कशीबशी ऑर्डर ओढली. मालिशवालीच्या एका शब्दात रोहा माझं झालं असतं!

शेवटच्या दिवशी ती आली. मी आधी मालिश पूर्ण करून घेतली. राग आहे म्हणून काम कशाला वाया घालवा? मग उठून बसले.

"तिचा हात उठत नव्हता. तुला ठाऊक होतं."

"व्हय."

"माझं मीठ खाऊन मला बोलली नाहीस?"

"तू जावेसारखी इचारतीस तर बोलली असती. तू दलालासारखी इचारलंस."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "ती टाच आत्ताच्या आत्ता पुरी कर आणि चालू लाग. ह्या घराशी तुझा संबंध संपला."

तिने टाचेकडे पाहिलं, बाटलीचं बूच लावलं. "पुरी नाय करनार. टाच माझी हाय." आणि गेली.

वर्षभर मी सूड शिजवला. पुढच्या शिमग्याला ती येईल. तिला चहा द्यायचा, तेल तापवू द्यायचं, तळहातांत फुंकर मारू द्यायची आणि मग म्हणायचं, "नको." आरशासमोर म्हणून पाहिलं होतं.

ती आलीच नाही. जावेकडे बसली असणार, म्हणून मी रंगेहाथ पकडायला तिकडे गेले. किती वर्षांनी तो उंबरा चढले, देवाला माहीत. जाऊ पायरीवर एकटीच बसलेली, डावी टाच कोरडी.

"तुझ्याकडे अडकली वाटलं मला," ती म्हणाली.

मग दोघी तिला शोधत निडीला उतरलो. नदीकाठच्या वाडीत तिच्या सुनेने पाण्याचा तांब्या पुढे केला. "आई दिवाळीमागून गेली. ताप उतरला नाय."

परतीच्या गाडीची वाट बघत फलाटावर चहा घेतला. माझ्या उजव्या हातातला कप हिंदकळला. जावेने पाहिलं.

"हे कधीपासून, वैनी?"

"गेल्या शिमग्यापासून."

तिने स्वतःचा कप बाकावर ठेवला. "मी विचारलं होतं तिला. मोठीला यंदा झेपेल का म्हणून. अंगठा रुतवला माझ्या पाठीत. बोलली असती, तर पेणमधलं एकही गिऱ्हाईक तुझ्याकडे ठेवलं नसतं मी."

"तोंड मीट," मी म्हटलं. तिने मिटलं, आणि माझ्या हातातला कप स्वतःच्या डाव्या हाताने खालून धरला.

आता रोह्याची दुसरी बाई येते. हात बरा आहे, बडबड फार. डाव्या टाचेला मी तिला हात लावू देत नाही. आळीतल्या बायका म्हणतात, बघा किती माया! कसली माया? भांडण अर्ध्यावर टाकून गेलेल्या माणसाचा माल मी परस्पर सोडत नसते. भेगा पडू देत. तिला माझं "नको" ऐकावंच लागेल.

म्हणून शिमगा झाला की मी सतरंजी घालते, वाटी उन्हात ठेवते, आणि सकाळची गाडी येऊन जाईपर्यंत तोंड मिटून बसते.