सोळा आण्यांचे शहाण्णव

"मी खोटं बोललो न्हाई, खरं तेवढं मोडून दिलं," दिंद्रुडचे गुंडप्पा एकदा म्हणाले होते. बायको, शिवकांता, तेव्हा अंथरुणाला खिळलेली. तिनं विचारलं, "कुणाला?" ते तिचं पांघरूण नीट करत राहिले. पुढं ती गेली आणि विचारणारं कुणी उरलं नाही.

आता ते त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. किराण्याचं दुकान नातू वीरेश बघतो. गल्ल्याशेजारी आजोबांना खुर्ची आहे, काम नाही. गिऱ्हाईक पैसे द्यायला फोन समोर धरतं आणि फळीवरची डबी रक्कम बोलते. परवा ती म्हणाली, "शहाण्णव रुपये प्राप्त झाले." वीरेश साखर बांधत होता. गुंडप्पांनी मान वळवून डबीकडं बघितलं.

सत्तावन्न साली नवे पैसे आले तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते, वडिलांच्या हाताखाली. या भागानं निजामाचा हाली रुपया कलदारात, म्हणजे भारत सरकारच्या रुपयात, बदलताना नुकताच पाहिला होता; सात हालीचे सहा कलदार. त्यामुळे नवं नाणं आलं की जुन्यातलं थोडं झिजायचंच, असं लोक धरूनच चालत. दुकानात छापील कोष्टक टांगलेलं असे : एक आणा सहा पैसे, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस. आण्याचे खरे सव्वासहा पैसे, पण पाव पैशाचं नाणं नव्हतं. चार आणे एकदम मोजले तर पंचवीस भरायचे. एकेक करून मोजले तर चोवीस.

भिवराबाई तेव्हा गावात नुकती नांदायला आलेली, अठरा-एकोणीस वर्षांची. आणे बंद होणार अशी आवई उठली होती, म्हणून सासूनं सोळा आणे देऊन नवे पैसे आणायला धाडलं होतं. गुंडप्पांनी एकेक आणा तिच्यादेखत उचलला, एकेकाला सहा पैसे ठेवले आणि शाळेतल्या चालीवर म्हटलं, "सोळा सक शहाण्णव." पाढा बरोबर होता. ती चालीला हसली आणि पैसे पदरात बांधून गेली. चार पैसे गल्ल्यात राहिले. वडील म्हणाले, "पोरगं धंद्याला लागलं." याहून मोठी शाबासकी त्यांनी कधी दिली नाही.

चार पैशांत असं काय येतं, या प्रश्नावर गुंडप्पांनी पुढची सगळी वर्षं काढली. परवा डबी बोलली आणि तो प्रश्न पुरेनासा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते काठी घेऊन भिवराबाईच्या घरी गेले. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं : वयनी, चार पैसे मी मारले, माफ करा. ती हसेल, अशीही आशा होती.

ती ओसरीवर शेंगा फोडत होती. "ये आप्पा! वाट चुकलास का काय?"

"न्हाई, वयनी. एक सांगायचं होतं. त्या नव्या पैशाचं."

"अगं बया! तुला बी याद हाय?" ती नातीकडं वळली. सत्यशीला चहा घेऊन आली होती. "हेच ते दुकान बघ. सोळा आणे नेले न् घरी आले तर शहाण्णव पैसे. धाकटा दीर शाळंत जायचा, त्यानं मोजले. म्हणला, रुपयाचे शंभर होतात. सासू म्हणली, चार कुठं गेले? बाजारात रेवड्या खाल्ल्या असतील हिनं. झालं! तवापासून घरातला पैसा माझ्या हातात न्हाई. आधी सासू, मग मालक, आता पोरगं. सरकारचे निराधारचे पैसे येतात ते बी त्योच उचलतो. माझ्या हाताला भोकं हायत, आप्पा." ती दात नसलेलं हसली.

सत्यशीला हसली नाही. "तुझ्याच हाताला भोकं कावून गं? दुकानात चुकलं असंल की."

"गप! एकेक आणा माझ्या डोळ्यादेखत मोजला ह्यानं. वाटंतच सांडले मी, पदराची गाठ ढिली मारली असंल." एवढं बोलून ती गुंडप्पांकडं वळली. "आता तूच सांग हिला, आप्पा. तू बरोबर दिलते का न्हाई?"

हातातली शेंग तिनं फोडायची थांबवली होती. सत्यशीलाही बघत होती. जुळवून आणलेलं वाक्य चार पैशांचं होतं. इथं बाईचा अख्खा जन्म हिशेब मागायला बसला होता, आणि त्याचा दर कुठल्या कोष्टकात नव्हता. बरोबर दिले म्हणावं, तर पाढा अजूनही बरोबर होता.

"बघ," भिवराबाई नातीला म्हणाली, "म्हातारपणी माझी लाज राखतोय. म्हणून बोलंना."

गुंडप्पांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. खांबाला धरून ते उठले. चपला पायात सरकवायला त्यांना वेळ लागला. सत्यशीला आधाराला पुढं आली तर हातानंच तिला थांबवलं. मग ते अंगणातून बाहेर पडले.