अम्मी सोहारला, इरफान बसमध्ये

बसने बॉर्डर ओलांडण्याचे किस्से गोळा करत फिरावं लागत नाही, एक रूममेट पुरतो! दुबईजवळ, आमच्या अजमानच्या फ्लॅटमध्ये तो आहे. इरफान, मूळचा रत्नागिरीचा, पायाला भिंगरी. यंदा त्याची अम्मी गावाहून थोरल्या मुलाकडे, ओमानमधल्या सोहारला आली. कित्येक वर्षांत मायलेकांची भेट नव्हती. "शनिवारी बसने येतो, इन्शाल्ला," असं याने फोनवर कळवलं आणि तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

*

पहिल्या शनिवारी बॉर्डरवर ऑफिसरने पासपोर्ट मागितला. याने ऐटीत एमिरेट्स आयडी, म्हणजे इथलं ओळखपत्र, पुढे केलं. बँकेत, दवाखान्यात, सिम कार्डाला, इथे सगळीकडे तेच कार्ड चालतं. त्यात रांगेतला पुढचा लोकल अरब कार्डावरच पलीकडे गेलेला! पासपोर्ट आमच्या कपाटात, माझ्या शर्टांखाली. याला तिथूनच परत पाठवलं.

घरी येऊन मलाच विचारतो, "मग तो कसा गेला?"

अरे बाबा, इथल्या नागरिकाला ओमानला जायला कार्ड पुरतं, देश त्याचा आहे!

*

दुसऱ्या शनिवारी पासपोर्ट मी स्वतः त्याच्या खिशात कोंबला. बस बॉर्डरच्या अलीकडे पेट्रोल पंपावर थांबली. ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" म्हणत चला-चलाची घाई करतोय, आणि आमचे साहेब दुसरा करक चहा घेतायत. बस गेली. बॅगही गेली. सोहारला थोरल्याने ती उतरवून घेतली. आत अम्मीसाठी घेतलेल्या लाल चपला होत्या. इरफानच्या आधी त्याची बॅग ओमानला पोचली!

मी पोट धरून हसलो. पण त्या दिवशी तो जेवलाच नाही, तेव्हा मला वाईट वाटलं. अम्मीचं परतीचं विमान ठरलं होतं, मध्ये एकच शनिवार उरला होता.

*

त्या शनिवारी तो सोहारला कुणालाच न कळवता निघाला. आधी सांगितलं की माशी शिंकते, असं त्याचं मत.

दुपारी बेल वाजली. दारात एक म्हातारी, हातात सुक्या बोंबलांची पिशवी, पायांत लाल चपला.

"इरफान कुठाय?" अम्मी म्हणाली. याच्या इन्शाल्लाला कंटाळून तिने थोरल्याकडून व्हिसा काढून घेतला होता आणि सकाळच्या बसमध्ये बसली होती. थोरल्यालाही तोंड उघडू दिलं नव्हतं. आधी सांगितलं की फिस्कटतं म्हणे!

मी कपाळावर हात मारून इरफानला फोन लावला. तो नुकताच भावाच्या दारात पोचला होता.

"तिला सांग, मी परत निघालो," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. पुन्हा लागेचना.

मी वळलो, तर अम्मी चपला चढवत होती.

"पोचला ना तो तिकडे? मग मी पण निघते. यल्ला, टॅक्सी बघ."

मी दाराला आतून कुलूप लावलं, चावी खिशात टाकली आणि लाल चपला उचलून फ्रीजवर ठेवल्या.