फोटोखाली काय लिहायचं

ब्राह्मणपुरीतल्या एका काकूंचा मी फोटो काढला, त्यावरून पुढे बरंच झालं. नात्याने त्या माझ्या कुणी नाहीत. आमच्या शेताला लागून त्यांचं शेत. नवरा गेल्यापासून केळी, ऊस, मजूर, सगळं त्याच बघतात. त्या दिवशी सकाळी त्या बांधावर उभ्या होत्या, कपाळावर हात आडवा धरून लांब कुठेतरी बघत. डोळे बारीक केलेले, ओठ घट्ट मिटलेले. मी बटण दाबलं. लगेच त्या ओरडल्या, "कोनी घालं रे ट्रॅक्टर मन्हा वावरमा?" नुकत्याच लावलेल्या केळीच्या रोपांच्या दोन ओळी चाकाखाली गेल्या होत्या.

हा फोटो पुण्यातल्या एका प्रदर्शनासाठी निवडला गेला. मी शहाद्याजवळच्या शाळेत मराठी शिकवते, कॅमेरा फक्त सुट्टीच्या दिवशी हातात येतो. त्यामुळे मी हरखून गेले. थोड्या दिवसांनी संयोजकांनी माहितीपत्रक मोबाइलवर पाठवलं. माझ्या फोटोखाली मोठ्या अक्षरांत 'प्रतीक्षा', आणि त्याखाली चार ओळी: पिढ्यान्‌पिढ्या सोसत आलेली, कधीच न येणाऱ्या कुणाची तरी वाट बघणारी ग्रामीण स्त्री. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा वाचताना मलाही बरं वाटलं. भारदस्त शब्द होता.

मी मोबाइल घेऊन काकूंकडे गेले. त्या ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. हात पदराला पुसून त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, आपला चेहरा पाहिला, मागची रोपं पाहिली. मग विचारलं, "खाले काय लिखेल शे?"

मी वाचून दाखवलं.

"मी कोनी वाट दखी ऱ्हायनू?"

"त्यांना फोटो बघून तसं वाटलं, काकू."

"त्यास्ले वाटनं. तुले तं म्हाईत व्हतं ना?"

मी मान डोलावली.

"मंग तू काबरं नही सांगं?"

मी विचारलं, मग काय लिहू? त्या पुन्हा लसणाकडे वळल्या. "जे व्हतं ते लिख."

मी संयोजकांना फोन केला आणि काकू त्या वेळी जे बोलल्या तेच वाक्य फोटोखाली छापा, असं सांगितलं.

"मॅडम," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "चांगल्या फोटोला शब्द लागत नाहीत. तो स्वतःच बोलतो."

"मग 'प्रतीक्षा' कशाला छापलंत?"

"ते शीर्षक आहे. तुमचं वाक्य लावलं तर किस्सा होतो. आणि ही भाषा इथे कुणाला कळणार? निदान शुद्ध मराठीत तरी करून द्या."

शुद्ध हा शब्द मला लागला. तो मीच इतकी वर्षं मुलांच्या वह्यांत लिहीत आले होते. 'शे' दिसला की लाल रेघ, वर 'आहे'. 'मन्हा' दिसला की लाल रेघ, वर 'माझा'. घरी आईशी मात्र मी त्याच शब्दांत बोलते. फोनवरच्या माणसाचा राग आला होता, पण त्याच्या तोंडून मला माझाच आवाज ऐकू येत होता.

उद्घाटनाला मी गेले ती काकूंचं वाक्य जाड कागदावर छापून घेऊनच. 'प्रतीक्षा'वर ती पट्टी चिकटवली. धुळ्याकडचे एक गृहस्थ ती वाचून मोठ्याने हसले आणि बायकोला हाक मारून त्यांनी तिलाही वाचून दाखवली. तेवढ्यात संयोजक आले.

"हे काढावं लागेल."

"मग फोटोही काढा."

"मॅडम, जरा विचार करा. अशी संधी परत येत नाही."

मी विचार करत बसले नाही. फ्रेम उचलून खिळ्यावरून खाली घेतली. हॉलमध्ये सगळे बघत होते. परतीच्या बसमध्ये ती चादरीत गुंडाळून मांडीवर धरली होती. मालेगाव येईपर्यंत मला स्वतःचं कौतुक वाटत होतं, त्यानंतर भीती वाटू लागली. आपल्याच हाताने दार लावून घेतलं, हे कळत होतं. झालंही तसंच. त्या मंडळींनी मला पुन्हा कधी बोलावलं नाही.

फोटो मी शाळेच्या व्हरांड्यात लावला, पट्टीसकट. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. "बाई, शाळेच्या भिंतीवर अशुद्ध कसं चालेल?"

"हे अशुद्ध नाही, सर. अहिराणी आहे. तुमच्या घरी बोलतात तीच."

त्यांनी चष्मा सारखा करून पट्टी पुन्हा वाचली. मग आवाज खाली आणून विचारलं, "पन ट्रॅक्टर कोना व्हता?"

फोटो तिथेच राहिला. मुलांच्या वहीतल्या 'शे'वर मी आता रेघ मारत नाही. शेजारी 'आहे' लिहिते, मुलांना दोन्ही येऊ देत.

तेव्हापासून ज्याचा फोटो काढते, त्यालाच विचारते की खाली काय लिहू. प्रकाशा गावच्या घाटावर फुलं विकणारे एक आजोबा म्हणाले, "लिख, गुडघा दुखस." मी तेच लिहिलं. अक्कलकुव्याच्या बाजारात डोंगरातून आलेल्या एका बाईने लेकीकरवी सांगितलं, काहीच लिहू नको. माझ्या मनात एक छान ओळ तयार होती. ती मी गिळली आणि कोरी पट्टी लावली.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका शहरातून निमंत्रण आलं. फोटो पाठवा, मजकूर आमचे तज्ज्ञ लिहितील, असं त्यात होतं. मी कळवलं, मजकूर फोटोतली माणसं देतात आणि त्यातला एक कानाही बदलायचा नाही. जमत नसेल तर फोटो येणार नाहीत. अजून उत्तर आलेलं नाही. मीही पुन्हा विचारलेलं नाही.